अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी डिप्लोमाच्या मुलांना पायथॉन शिकवत होतो. फळ्यावर एक ओळ लिहिली, २+३ * ४, आणि उत्तर विचारले. मागच्या बाकांवरून ठणठणीत 'वीस' आले. पुढच्या बाकांवरून जरा दबकत 'चौदा'. कंचेभागुबेव सगळ्यांना पाठ होते. गुणाकार आधी आणि बेरीज मागून, हे त्या वर्गात कोणाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. मग वीस आले कुठून? ते माझ्या खडूतून आले होते. २+३ मी चिकटवून लिहिले होते आणि गुणाकाराच्या चिन्हाला दोन्हीकडे ऐसपैस जागा दिली होती. मुलांच्या डोळ्यांनी बेरीज उरकून टाकली. पाठ केलेला नियम मागाहून धावत आला. डस्टर फिरवून तेच मी २ + ३*४ असे लिहिले आणि वाद मिटला. संगणकाला विचाराल तर त्याच्या लेखी या दोन ओळींत काडीचा फरक नाही.

हे पुस्तक त्या काडीबद्दल आहे.

एवढ्याशा गोष्टीवर पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर मी रागावणार नाही. घरीही हेच विचारले गेले. कोडची ओळ किती आत सरकवायची, त्यासाठी टॅब वापरायचा की स्पेस, यावर प्रोग्रामर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली आहेत. त्या भांडणाचे विनोद झाले, अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी मालिकेत त्यावर प्रसंगही रंगला. ऑपरेटरभोवतीच्या जागेसाठी एवढा आवाज कोणी चढवत नाही. पण ओळ आत सरकवणे म्हणजे घरातल्या खोल्या कशा मांडाव्यात हा प्रश्न. ऑपरेटरच्या दोन बाजूंची जागा हा एकाच खोलीत कोण कोणाला खेटून बसले आहे याचा प्रश्न आहे, आणि माणसे नाती ओळखतात ती बहुधा त्यावरूनच.

नवख्या वाचकासाठी थोडे मुळातून सांगतो. बेरीज, वजाबाकी, तुलना, 'याला ती किंमत द्या' अशी कामे करणारी चिन्हे म्हणजे ऑपरेटर. कंपायलर तुमची ओळ वाचतो तेव्हा आधी तिचे तुकडे पाडतो: हे नाव, हा आकडा, हे चिन्ह. या तुकड्यांना टोकन म्हणतात. बहुतेक भाषांत टोकने पाडून झाली की मधली मोकळी जागा केराच्या टोपलीत जाते. कोणता ऑपरेटर आधी आणि कोणता नंतर हे अग्रक्रमाच्या कोष्टकावरून ठरते, जागेवरून नव्हे. म्हणजे स्पेस यंत्रासाठी फार तर एवढेच करू शकते, की तुकडा कुठे पडावा ते सांगायचे. त्यापलीकडची प्रत्येक स्पेस फक्त माणसाला उद्देशून असते. एकाच ओळीचे दोन वाचक, आणि त्यांतला एक त्या जागेकडे ढुंकूनही पाहत नाही. या विषयातली सगळी गंमत आणि सगळे अपघात इथून निघतात.

उदाहरणांविषयी एक खुलासा इथेच करून ठेवतो. पुस्तकात चलांची नावे देवनागरीत आहेत. ही हौस नाही. पायथॉनने २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशी नावे मान्य केली आहेत, आणि 'क्ष' नावाचे चल आज सुरळीत चालते. देवनागरी आकडे मात्र कोडमध्ये चालत नाहीत. इथे ते छपाईपुरते आहेत. संगणकावर ओळ चालवून पाहताना तेवढे बदलून घ्या. इतर भाषांतली उदाहरणे मी फक्त लिपी बदलून दिली आहेत.

आता थोडा इतिहास. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने तयार केलेली फोरट्रान १९५७ साली बाहेर पडली. तिने मोकळ्या जागेचा प्रश्न एका फटक्यात निकालात काढला: जागा मोजायचीच नाही. पंचकार्डावर ऐंशी रकाने, त्यांतल्या सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत तुमचे विधान, आणि त्या विधानात तुम्ही कुठेही, अगदी नावाच्या पोटातही, जागा सोडा. कंपायलर ती वगळून वाचणार. ऐकायला उदार. पण याच उदारपणातून संगणकाच्या इतिहासातली एक गाजलेली चूक जन्मली. 'डू १० आय = १, १०' म्हणजे 'आय'ची किंमत एकपासून दहापर्यंत वाढवत पुढच्या ओळी पुन्हा पुन्हा चालवा. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले तर? जागा वगळली की उरते 'डू१०आय = १.१०', म्हणजे 'डू१०आय' नावाच्या चलाला एक दशांश दहा ही किंमत. चूक नाही, इशारा नाही, कार्यक्रम मुकाट्याने पुढे. नासाचे मरिनर-१ यान १९६२ मध्ये यामुळे गेले असे अजूनही छापले जाते. ते खरे नाही. मरिनरच्या बाबतीत मार्गदर्शनाच्या समीकरणातल्या एका अक्षरावरची आडवी रेघ उतरवताना गळली होती. टिंबाची चूक मर्क्युरी प्रकल्पाच्या कक्षागणनेच्या कोडमधली, आणि ती यान गमावण्याआधीच सापडली. दंतकथा मात्र टिकली, कारण ती सोयीची आहे.

त्याच सुमारास जन्मलेल्या कोबोलने नेमके उलट टोक गाठले. कोबोलमध्ये नावात जोडरेघ चालते. त्यामुळे 'एकूण-सूट' हे एक नाव आणि 'एकूण - सूट' ही वजाबाकी. हिशेबातल्या चिन्हाच्या दोन्हीकडे जागा सोडणे ही तिथे शैली नाही, व्याकरण आहे. कोबोलला आज हसणारे पुष्कळ आहेत. या एका बाबतीत मला ती भाषा प्रामाणिक वाटते. दोन्ही वाचकांना ती एकच गोष्ट दाखवते.

पुढची कहाणी सी भाषेची, आणि ती मला सर्वांत आवडते. सुरुवातीच्या सीमध्ये, आणि तिच्या आधीच्या बी भाषेत, 'आहे त्यातून इतके वजा करा' हे काम '=-' अशा चिन्हाने होई. मग 'क्ष=-१' म्हणजे काय? क्षला उणे एक द्या, की क्षमधून एक वजा करा? लिहिणाऱ्याच्या मनात पहिले, कंपायलरच्या मनात दुसरे. डेनिस रिची यांनी पुढे सीचा इतिहास लिहिताना ही आपली चूक होती असे सरळ कबूल केले; १९७६ मध्ये चिन्हे उलटी करून '-=' करण्यात आली. पण सवय मागे उरली. 'क्ष = -१' असे बरोबरच्या चिन्हाभोवती जागा सोडून लिहिण्याची जी शिस्त आपण आज निव्वळ नीटनेटकेपणा समजतो, तिच्यापाठी एकेकाळी खरी भीती होती. गंमत म्हणजे आजचा क्लँग कंपायलर 'क्ष =- १' अशी ओळ दिसली की इशारा देतो, आणि तो देण्याआधी चिन्हांच्या मधली व पुढची मोकळी जागा तपासतो. 'क्ष =-१' ला तो काही म्हणत नाही. जी जागा यंत्राने टाकून द्यायची, तीच चाचपून तो माणसाच्या मनात काय होते याचा अंदाज बांधतो.

सीमध्ये तुकडे पाडण्याचा नियम अधाशी आहे: डावीकडून सुरू करून जेवढा मोठा घास घेता येईल तेवढा घ्यायचा. म्हणून 'अ+++ब' म्हणजे 'अ++ + ब'. आणि भागाकारानंतर पॉइंटरची तारका आली, जागा न सोडता, तर '/*' ही जोडी टिप्पणीची सुरुवात ठरते आणि पुढचा मजकूर शेवटची खूण सापडेपर्यंत गिळला जातो. इथे स्पेस सजावट उरत नाही.

अशी सक्ती करणाऱ्या किंवा मनाई करणाऱ्या भाषा आपण समजतो त्याहून जास्त आहेत. युनिक्सच्या शेलमध्ये 'अ=५' लिहिले तर किंमत मिळते; 'अ = ५' लिहिले तर शेल 'अ' नावाची आज्ञा शोधायला निघतो. पण त्याच शेलमध्ये चौकोनी कंसात तुलना करताना बरोबरच्या चिन्हाभोवती जागा हवीच. ती विसरलात तर तुलना होतच नाही. सगळे मिळून एक भरलेली अक्षरमाळ उरते आणि भरलेली अक्षरमाळ नेहमी 'खरे' ठरते. एका रात्री एका ग्राहकाच्या सर्व्हरवरच्या जुन्या फायली साफ करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने 'जुनी आहे का' हा प्रश्न विचारला आणि प्रत्येक फाइलने हो म्हटले. बॅकअप होता म्हणून हे वाक्य मी हसत लिहू शकतो.

वेबपानांच्या सीएसएसमध्ये लांबी मोजणाऱ्या 'कॅल्क'मध्ये अधिक-उणेच्या दोन्हीकडे जागा सक्तीची. गुणाकार-भागाकाराला ती नसली तरी चालते; सक्ती अधिक-उणेलाच, कारण उणेचे चिन्ह आकड्याला चिकटले की तो ऋण आकडा समजला जातो. लिस्पमध्ये 'अ+ब' हे एक धडधाकट नाव आहे. स्विफ्टमध्ये चिन्हाच्या एकाच बाजूला जागा आहे की दोन्ही, यावर ते एका पदाला लागू होते की दोघांना जोडते हे ठरते. हॅस्केलच्या मुख्य कंपायलरने २०२१ च्या नवव्या आवृत्तीत अशाच धर्तीचा नियम आणला: उद्गारचिन्ह पुढच्या नावाला चिकटलेले आणि दोन्हीकडून मोकळे, यांचे अर्थ वेगळे. म्हणजे फोरट्रानने जागेला जितके बेदखल केले, तितके नव्या भाषांतल्या काही तिला पुन्हा घरात घेत आहेत. माझ्या मते हे चांगले लक्षण आहे, जरी शिकणाऱ्याला सुरुवातीला त्रास होतो.

तरीही बहुसंख्य भाषांत, बहुसंख्य ओळींत, लिहिणारा मोकळा आहे. आणि मोकळीक आली की पंथ आले.

पंथांचे मूळ छापखान्यात आहे. गणिताची अक्षरजुळणी करणाऱ्या कारागिरांना कोणत्या चिन्हाभोवती किती जागा सोडायची हे हाताला ठाऊक होते. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ पासून टेक्स ही अक्षरजुळणीची प्रणाली घडवताना ते हातातले ज्ञान आकड्यांत बांधले. एम या अक्षरजुळणीच्या मापाचे अठरा भाग केले, तर अधिक-उणेसारख्या चिन्हाभोवती सर्वसाधारणपणे चार भाग जागा. बरोबर, मोठे, लहान अशा संबंध सांगणाऱ्या चिन्हांभोवती पाच, म्हणजे किंचित जास्त. घातांकात लहान अक्षरे आली की ही जागा नाहीशी होते. गुणाकाराला तर गणितात बहुधा चिन्हच नसते. पदे खेटून उभी राहिली की गुणाकार झाला. जवळ म्हणजे घट्ट, दूर म्हणजे सैल, ही उतरंड आपण बीजगणित शिकताना नकळत शिकलो. प्रोग्रामरच्या हाती मात्र एकाच रुंदीची अक्षरे आणि एकाच मापाची स्पेस आली. चार आणि पाच भागांचा नाजूक फरक संपला. उरले फक्त 'आहे' आणि 'नाही'.

या दरिद्री साधनात काय साधायचे, यावर मते फुटली. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या सी-पुस्तकाने सुरुवातीच्याच प्रकरणात सुचवले की ऑपरेटरभोवती जागा सोडावी म्हणजे कोणती पदे एकत्र आहेत ते स्पष्ट होते. पुस्तक इतके पोचले की त्याच्या छपाईतले वळण हेच अनेकांचे वळण झाले. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या वर्गांत मात्र ते वळण अर्धेच उतरले. टर्बो सीचा निळा पडदा, सबमिशनची घाई आणि पेपरात हाताने लिहायचा कोड, यांत स्पेस ही चैन वाटे. तरी उत्तरपत्रिका तपासताना एक लक्षात येई. हाताने लिहिताना मुले अधिकभोवती जास्त आणि गुणाकाराभोवती कमी जागा आपोआप सोडत. तीच मुले कीबोर्डवर बसली की सगळे एकसलग.

लिनक्स कर्नलचा शैलीपट लायनस टोरवाल्ड्स यांच्या खास शैलीत लिहिलेला आहे. ग्नूच्या कोडसंहितेची प्रत छापून न वाचताच जाळून टाकावी, असा सल्ला त्याच्या आरंभीच आहे. एवढा आवेश, पण दोन पदे जोडणाऱ्या ऑपरेटरभोवती एकेक स्पेस यावर दोन्ही छावण्यांचे एकमत! भांडण आहे ते फंक्शनच्या नावानंतर कंसाआधी जागा असावी की नाही यावर. एका पदाला लागणाऱ्या चिन्हाला मात्र कर्नलमध्ये जागा नाही, आणि टिंब किंवा बाण यांभोवतीही नाही. हा 'सपाट' पंथ. लक्षात ठेवायला सोपा, आणि डोळ्याला कोणतीच उतरंड न सांगणारा.

पायथॉनचा शैलीग्रंथ म्हणजे पेप ८, जुलै २००१ चा. त्याची भूमिका मला अधिक विचारी वाटते. किंमत देणे, तुलना, 'आणि', 'किंवा' यांभोवती एकेक स्पेस. पण एका ओळीत वेगवेगळ्या अग्रक्रमांचे ऑपरेटर आले तर सर्वांत कमी अग्रक्रमाच्या ऑपरेटरभोवती जागा ठेवण्याचा विचार करा. 'क्ष*क्ष + य*य'. '(अ+ब) * (अ-ब)'. 'विचार करा' हे शब्द महत्त्वाचे. निर्णय तुमच्यावर सोडला आहे. शिवाय बारकावा असा की फंक्शनला नावानिशी किंमत देताना बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नको, कारण ते विधान नाही, नुसते लेबल आहे. म्हणजे चिन्ह तेच, पण त्याचे काम बदलले की जागा बदलते. लांब ओळ मोडायची तर ऑपरेटरच्या आधी की नंतर, यावर पेप ८ ने २०१६ मध्ये आपले मत बदलले आणि क्नुथ यांचा दाखला देऊन 'आधी'ची बाजू घेतली. शैलीग्रंथाने मत बदलणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

मग आले फॉरमॅटर. माणसाने कसेही लिहावे, यंत्राने शिस्तीत मांडावे. २००९ मध्ये गो भाषा जाहीर झाली ती आपल्यासोबत गोएफएमटी घेऊनच. त्याला पर्याय नाहीत, हुज्जत नाही. पण त्याच्या आत एक हुशारी आहे जी मला आजही थक्क करते: एकटा गुणाकार असेल तर तो 'अ * ब' असा मोकळा ठेवतो, आणि शेजारी बेरीज आली की 'अ*ब + क' असे आवळतो. छापखान्यातल्या कारागिराचे ज्ञान यंत्राला पुन्हा शिकवले गेले. उलट २०१८ मध्ये लुकाश लांगा यांनी आणलेला ब्लॅक हा पायथॉनचा फॉरमॅटर सपाट पंथाचा कडवा अनुयायी. 'क्ष*क्ष + य*य' त्याच्या हाती द्या, तो 'क्ष * क्ष + य * य' करून परत देईल. २०२२ मध्ये त्याने एकच सवलत दिली: साध्या पदांमधल्या घाताच्या चिन्हाभोवतीची जागा काढायची. एवढ्यासाठीही बरीच चर्चा झाली.

माझी बाजू लपवत नाही. संघात काम करताना फॉरमॅटर हवाच. स्पेसवरून होणारी वादावादी मी इतकी पाहिली आहे की ती बंद करणारे कोणतेही साधन मला पूज्य आहे. पण सपाट नियम हा तह आहे, ज्ञान नव्हे. गोएफएमटीने दाखवून दिले आहे की शिस्त आणि उतरंड एकत्र नांदू शकतात. मग पायथॉनसारख्या भाषेने, जिचा शैलीग्रंथ उतरंडीच्या बाजूने बोलतो, सर्वाधिक चालणाऱ्या साधनांपैकी एकाला ती पुसू द्यावी याचे मला वाईट वाटते. आणि सपाटपणापेक्षा शतपटीने वाईट ती खोटी जागा, माझ्या फळ्यावरच्या २+३ * ४ सारखी. सीमध्ये '१<<न + १' लिहिणाऱ्याच्या मनात आधी सरकवणे असते. प्रत्यक्षात आधी बेरीज होते. 'अ&ब == क' मध्ये आधी तुलना होते, आणि हा अग्रक्रम गैरसोयीचा आहे हे खुद्द रिची यांनी मान्य केले; जुना कोड मोडू नये म्हणून तो तसाच राहिला. अशा ठिकाणी जागा जवळीक दाखवते आणि यंत्र ती जवळीक मोडते. तिथे उपाय स्पेस नाही, कंस आहे. कंस दोन्ही वाचक वाचतात. संशय असेल तिथे कंस, संशय नसेल तिथे जागा, एवढा माझा पंथ.

हे नुसते रुचीचे प्रकरण नाही. डेव्हिड लँडी आणि रॉबर्ट गोल्डस्टोन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साध्या बीजगणिती समीकरणांतल्या चिन्हांभोवतीची जागा मुद्दाम बदलली आणि समीकरण खरे की खोटे ते ओळखायला सांगितले. जागा अग्रक्रमाच्या विरुद्ध गेली की चुका वाढल्या, आणि या चुका करणारे अग्रक्रमाचे नियम न जाणणारे नव्हते. हाताने लिहिताना लोक बेरजेभोवती गुणाकारापेक्षा जास्त जागा सोडतात, हेही त्यांनी दाखवले. माझ्या उत्तरपत्रिकांना मग शास्त्राचा आधार मिळाला. कोडमधल्या जागेवरचे संशोधन त्यामानाने बहुतांशी ओळी आत सरकवण्याभोवतीच फिरत राहिले.

मराठी वाचकाला हा अनुभव नवा वाटू नये. मोडी लिहिताना आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि शब्द न तोडता अक्षरे तिच्याखाली लावत जायची अशी रीत होती. वाचणाऱ्याने अर्थावरून शब्द पाडायचे. फोरट्रानचा कंपायलर तरी याहून वेगळे काय करत होता? शब्द सुटे लिहिण्याची आणि विरामचिन्हांची सवय छपाईबरोबर रुळली. आजही 'दोनचार पोळ्या' आणि 'दोन, चार, सहा' यांतला फरक आपण जागेवरून ओळखतो. पहिल्यात आकडे चिकटले की त्यांचा नेमका आकडा राहत नाही, अंदाज होतो. 'घरावर', 'त्याच्यामुळे' हे आपण जोडून लिहितो आणि हिंदी 'घर पर' असे तोडून लिहिते. कोणते पद कोणाला चिकटवायचे यावर शुद्धलेखनाचे नियम करणाऱ्या समाजाला अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंची चर्चा क्षुल्लक वाटायचे कारण नाही.

मग आत्ताच का? कारण कोड लिहिणारे हात बदलत आहेत. आज बराच कोड भाषा-प्रतिमाने (लँग्वेज मॉडेल) लिहून देतात आणि माणसाच्या वाट्याला वाचण्याचे काम उरते, तेही थकलेल्या डोळ्यांनी, दिवसाला शेकडो ओळी. जागा ही वाचकासाठी असते असे म्हणत आलो. तो वाचक आता पूर्वीपेक्षा एकटा आहे. दुसरे असे की ही प्रतिमाने कंपायलरसारखी जागा टाकून देत नाहीत. त्यांच्या तुकडे पाडण्याच्या पद्धतीत स्पेस पुष्कळदा पुढच्या शब्दाला चिकटून एकच तुकडा होते, त्यामुळे 'अ+ब' आणि 'अ + ब' हे त्यांच्यापुढे निरनिराळ्या तुकड्यांच्या माळा म्हणून येतात. मोकळ्या जागेला किंमत देणारा यंत्रवाचक निर्माण झाला आहे. त्याचा परिणाम काय होतो हा या पुस्तकातला सर्वांत कच्चा भाग, आणि तो कच्चाच ठेवला आहे.

एक व्यावहारिक बाजूही आहे. फॉरमॅटर एकदा सगळ्या प्रकल्पावर फिरवला की प्रत्येक ओळीचा 'शेवटचा लेखक' तो फिरवणारा ठरतो. माझ्या एका जुन्या प्रकल्पात अशा दिवशी एका गड्याने चारशे फायलींतल्या जागांबरोबर एक उणे चिन्हही बदलले, आणि ते शोधायला आम्हाला आठवडा लागला. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये फक्त जागेतले बदल दुर्लक्षून फरक पाहता येतो, आणि २०१९ पासून अशा सफाईच्या नोंदी इतिहासातून वगळूनही पाहता येतात. तरी आमच्यात हे कोणाला आठवले नाही.

या पुस्तकात नियमावली मिळणार नाही. ज्याला नियमावली हवी त्याने आपल्या भाषेचा फॉरमॅटर बसवावा आणि हे पैसे वाचवावेत. इथे सी, पायथॉन, गो, शेल आणि सीएसएस या पाच ठिकाणचा कोड संथपणे वाचला आहे: ओळ घ्यायची, तिच्यातल्या जागा काढून टाकायच्या, वेगळ्या तऱ्हेने परत घालायच्या, आणि दर वेळी डोळा काय म्हणतो व यंत्र काय म्हणते हे शेजारी ठेवायचे. प्रोग्रामिंगची तोंडओळख असली की पुरे, गणित दहावीपर्यंतचे. क्रम पाळायची गरज नाही, पण शेलचा भाग सीएसएसच्या आधी वाचलात तर बरे. टॅब की स्पेस या वादावर एक ओळही लिहिलेली नाही, आणि तो प्रश्न घेऊन आलेल्यांची मी आधीच क्षमा मागतो.

शेवटी अक्षरजुळणी करणाऱ्या आमच्या ताईंविषयी. पहिल्या प्रुफात त्यांनी उदाहरणांतल्या सगळ्या विषम जागा नीटनेटक्या करून दिल्या. मी त्या परत विस्कटल्या. दुसऱ्या प्रुफात संगणकाने त्या आपणहून सारख्या केल्या. तिसऱ्या वेळी ताई आणि मी शेजारी बसून एकेक ओळ पाहिली आणि २+३ * ४ तेवढे हट्टाने चुकीचे ठेवले. त्याखेरीज कुठे चुकीची जागा दिसली, तर ती ताईंची नाही, माझी. पानाचा क्रमांक घालून कळवा.